नाथाची गाडी

गाड्यांच्या कंपन्यांची नावं मला विचारू नका. ती मितेशला पाठ. मी गाडी मालकाच्या नावानं ओळखते, म्हशी ओळखतात तशी. नाथाची गाडी, हिरामणची गाडी, निकेशची गाडी. आख्खा पावसाळा ह्या गाड्या माझ्या घरात ताटावर बसल्या होत्या. मितेश, माझा मुलगा, एका हातानं भात कालवायचा आणि दुसऱ्या हातात फोन. फोनमध्ये कोणतरी पिकअप चिखलातनं वर काढतोय, कोणतरी मागं ट्रॉली जोडून घाट चढतोय, आणि खाली आकडे पळतायत.

"आई, ओढायला ही एक नंबर. पण ॲव्हरेज नाय देत."

"मग तिला जेवायला नको घालू."

"आन् ही बघ, ही ॲव्हरेज देते. पण मागनं हलकी. वजन पडलं की तोंड उचलते."

"तुझ्या बापावर गेली असंल," मी म्हटलं. सून नमिता तोंड फिरवून हसली. आमचा म्हातारा भिंतीला टेकून विडी ओढत होता, त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याचं नाव मी घेत नाय, गावात सगळे कान्हूदादा म्हणतात.

मितेश रोह्याला कंपनीत कंत्राटावर होता. रात्रपाळी करून करून पोराचे डोळे आत गेले, अंगाला कसला तो वास यायचा, तीनदा साबण लावला तरी जात नव्हता. मग कंत्राटच संपलं. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच, स्वतःची पिकअप घ्यायची. गणपतीच्या आधी जोह्याच्या कारखान्यांतले गणपती पोचवायचे, एरवी धरमतरची मासळी न्यायची, भाजी न्यायची, कोणाचा ट्रान्सफॉर्मर असला तर तोसुद्धा न्यायचा. आता कोणाच्या शिट्टीवर उठायचं नाय म्हणाला. मला बरं वाटलं. शेत वर्षाचा भात देत होतं, गाडीनं वरचं मीठमिरची दिलं असतं.

मग सर्वपित्री आली. आम्ही पितरांना पानं ठेवली आणि जेवायला खाडी आली.

दुपारच्या भरतीला बाहेरचा बांध फुटला. चिंबोऱ्यांनी तो आतनं पोखरलेला होताच, दरवर्षी आम्ही बोंबलत होतो. अमावास्येचं उधाण, त्यात वारा. आधी मुठीएवढं भोक पडलं, मग म्हैस जाईल एवढं, आणि आम्ही धावत जाईपर्यंत घर जाईल एवढी खांड पडली. भाताच्या लोंब्या नुकत्या बाहेर आलेल्या, त्यांच्या कमरेपर्यंत खारं पाणी. मी बांधावर बसकण मारली आणि खाडीला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या सरूनं कानावर हात ठेवले.

नशीब एवढंच की त्या दिवशी संध्याकाळपासनं पाऊस बदाबदा कोसळला. गोड्या पाण्यानं खारं पाणी ढकलत ढकलत उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातनं बाहेर काढलं. रोज सकाळी म्हातारा शेतात उतरायचा, बोट बुडवायचा, चाखायचा, थुंकायचा.

"खारट हाय. पण मरायचं नाय भात," तो म्हणाला. "पुढलं उधाण आत आलं तर मात्र गेलं सगळं. तेव्हा धुवायला पाऊस कुठला?"

पुढलं उधाण कोजागिरीचं. तेव्हा खाडी आत आली की भात गेला, आणि भातच नाय, जमीन गेली. पल्याडच्या गावची जमीन अशीच गेली. तिथं माणसं लावणी करायची, आता तिवराची झाडं उभी आहेत आणि बगळे फिरतात. त्या गावच्या बायका पेणला लोकांची भांडी घासतात. मला तेवढंच दिसत होतं डोळ्यांपुढं, रात्रंदिवस.

दोन उधाणांच्या मधले दिवस भांगाचे. भांगात पाणी मेलेलं असतं. बांधाच्या पायाला शिवतं आणि माघारी जातं. खांड बुजवायची तर त्याच दिवसांत. साहेब लोक आले, बुटांना पिशव्या बांधून फोटो काढून गेले. जेसीबी आणला तो वाटेतच पोटापर्यंत रुतला, स्वतःलाच उकरून बाहेर निघाला आणि गेला. गावात ट्रॅक्टर एकच, तो हायवेच्या कामावर दिलेला. त्याची ट्रॉली तेवढी देवळाजवळ पडून होती.

देवळात बैठक बसली. टेकडीखालनं मुरूम आणायचा, जोह्याच्या कारखान्यांत रिकाम्या पोत्यांचे ढीग पडलेत त्यांत भरायचा, ट्रॉलीतनं बांधावर न्यायचा. ट्रॉली ओढायला पिकअप पायजे. कोणतरी म्हणालं, "मितेशला विचारा. गाड्यांतलं त्याला कळतं."

झालं. पोराची छाती फुगली. उभा राहिला आणि फोनमधल्या माणसासारखा बोलायला लागला. ओढण्याची ताकद, ॲव्हरेज, भरवसा. म्हातारी माणसं माना डोलवत होती, एकालाही काडीचं कळत नव्हतं.

पहिली निकेशची गाडी आली. निकेश नमिताचा चुलतभाऊ, खांबचा. गाडी गॅसवर चालणारी, चकचकीत. पोरगा भला, भाडं नको म्हणाला. पण ट्रॉली भरली की गाडी रस्त्यावरनं बांधाच्या चढाला लागायची आणि पुढचं तोंड उचलायची. चाकं जागच्या जागी फिरायची. आम्ही बायका मागनं खांदा लावायचो आणि चाकांचा चिखल थेट आमच्या तोंडात. शेवटी ट्रॉली अर्धीच भरायला लागलो, मग अर्ध्याहून कमी.

संध्याकाळी मितेश खूश. "बाबा, दिवसभर पळवली, गॅस बघा किती कमी लागला!"

"बांधावर माती किती पडली ते सांग," म्हातारा म्हणाला.

टाकलेली माती भरतीच्या पाण्यानं निम्मी चाटून नेली होती. मेलेलं पाणी, तरी नेली.

दुसरी हिरामणची. हिरामण पेणला सिमेंट-लोखंड पोचवतो, गाडी नवी कोरी. काचेवर कागद चिकटलेले अजून. त्याची बायको सीटवर चिखलाच्या पायांनी कोणाला बसू देत नव्हती. पण गाडी काय ओढत होती! ट्रॉली शिगोशीग भरली, तरी चढावर नुसती गुरगुरली आणि वर. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मितेशनं माझ्याकडं असं बघितलं, जशी काय ती त्यानंच बनवली. मीसुद्धा म्हटलं, असली घे बाबा, कशी का असेना, असलीच घे.

दुपारी त्या गाडीत पुढं एक पिवळा दिवा लागला. दिवा लागला आणि गाडीचा जीव गेला. आवाज बारीक झाला, मग बंद. बांधाच्या अरुंद वाटेत मधोमध उभी, मागं भरलेली ट्रॉली. ना पुढं जायला जागा, ना मागं. हिरामण बोनेट उघडून आत बघत बसला, जसं काय आतनं कोण उत्तर देणार होतं.

"काय झालं?"

"कंपनीचा माणूस लागंल. कॉम्प्युटर लावून बघतो तो."

"मग बोलाव."

"उद्या येतो म्हणतोय."

सरू म्हणाली, "कॉम्प्युटर लावल्याशिवाय उठत नाय? आमचा नवरा पण असाच हाय." बायका खदखदून हसल्या. हिरामणचं तोंड उतरलं. मला मात्र हसू आलं नाय, कारण पाणी पायाशी आलं होतं आणि खांडीत ट्रॉलीतलं एकही पोतं पडत नव्हतं.

तेव्हा नाथाची गाडी आली. टोचन करायला. टोचन म्हणजे बंद गाडी दोरानं दुसऱ्या गाडीमागं बांधायची आणि ओढून न्यायची. नाथा आमच्याच आळीतला, म्हाताऱ्याच्या बरोबरीचा. त्याची गाडी जुनाट. रंग उडालेला, एका दाराला दोरी, सायलेंसर असा ओरडायचा की कोंबड्या पळायच्या. धरमतरच्या जेटीवरचा बार्जचा जाडजूड दोर त्यानं काढला, हिरामणच्या गाडीला गाठ मारली आणि आपल्या गाडीत बसला. काळा धूर निघाला. दोर ताणला, कुरकुरला. मी मनात म्हटलं, आता ही पण बसते. पण ती हळूहळू हलली, आणि हिरामणची गाडी ट्रॉलीसकट रस्त्यावर नेऊन उभी केली. हिरामण आत स्टिअरिंग धरून, खाली मान घालून बसला होता, वरातीतनं पळवून आणल्यासारखा.

मितेश तिथंच म्हणाला, "हीच."

नाथाला गाडी विकायचीच होती, गुडघे गेले होते त्याचे. नाथाच्या पायरीवर बसून सौदा झाला. नाथा गाडीचे गुण सांगायला लागला. "इंजिन आजवर उघडलेलं नाय. डिझेल पिते, खोटं बोलत नाय. पण बंद पडली तर माझं नाव बदल. आन् बॅटरी नवी कोरी टाकली हाय गणपतीत."

मी बोनेटखाली बघितलं. तेल-धुळीनं माखलेला काळा डबा. "विकणाऱ्याची बॅटरी नवीच असते नेहमी," मी म्हटलं.

"वयनी, शप्पत."

"राहू दे, शप्पत पण जुनीच दिसते."

नाथाला लागलं ते. तो फडक्यानं बॅटरी पुसत बसला. पुसली तरी ती काळीच होती.

आणि इथं आमच्या माणसांची अक्कल बघा. नाथाची बायको बायजाबाई दारात आली. घरात घट बसलेले, डोक्यावर पदर. म्हणाली, "घट उठल्याबिगर गाडी दारातनं हलायची नाय. घरातली लक्ष्मी मधेच काढायची? दसऱ्याला न्या, नारळ फोडून."

"मग तोवर मुरूम वाहायला तरी दे," म्हातारा म्हणाला.

"टोचनला दिली, ते अडल्याचं काम. पण मुरूम वाहताना स्प्रिंगचा पाटा तुटला तर तुम्हीच म्हणाल मोडकी गाडी गळ्यात मारली," बायजाबाई म्हणाली.

मला वाटलं मितेश भांडेल. पण त्यानं मान डोलावली. त्यालाही ती दसऱ्यालाच हवी होती. पयली गाडी, मुहूर्ताबिगर कशी घ्यायची? नमिताही म्हणाली दसराच बरा. सगळा गाव म्हणाला, बरोबर हाय, वाहन दसऱ्यालाच. खांडीत अर्धं शिवार वाहून चाललेलं, आणि माणसं झेंडूचा भाव बोलतात!

"मुहूर्त गाडीचा बघताय," म्हातारा म्हणाला. "भांगाचा कोण बघणार?"

त्याचं कोणी ऐकलं नाय. अष्टमी आली, पाणी सगळ्यात मेलेलं, खांडीत उभं राहिलं तर गुडघ्याला लागत नव्हतं. खाडी हात जोडून उभी होती म्हणा ना. आणि आम्ही डोक्यावर घमेली वाहत होतो. नाथाची गाडी त्याच्या दारात ताडपत्रीखाली उभी. येता-जाता ती दिसायची. मी दर खेपेला तिच्यावर थुंकायची बाकी होते. खाऱ्या चिखलानं नमिताच्या बोटांच्या बेचक्या फुटल्या, भाकरी थापताना ती ओठ चावायची. म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ यायची, घमेलं खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. बस म्हटलं तर बसायचा नाय.

दसऱ्याला गाडी आली. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, पुढं झेंडूचा हार. नमितानं देवीचा फोटो काचेपाशी चिकटवला. मितेश गाडीभोवती फिरून फिरून बघत होता, लग्नात तरी एवढा बघत नव्हता. नारळ फुटला आणि लगेच दुपारपासनं ट्रॉली जोडली.

आणि नाथा खोटं बोलला नव्हता हो. डिझेल पीत होती, पण ओढत होती. भरलेली ट्रॉली घेऊन चढ चढायची, उलटी बांधावर घालायची, रिकामी करून परत. एकदाही बंद पडली नाय. चावी फिरवली की पयल्या फटक्यात चालू. मितेशच्या तोंडातनं ॲव्हरेज हा शब्द पुन्हा निघाला नाय.

पण एकादशीपासनं पाणी जिवंत व्हायला लागलं. रोज वीतभर वर. आम्ही दोन्हीकडनं पोती रचत खांड लहान करत आणली, तर उरलेल्या जागेतनं पाणी दुप्पट जोरानं घुसायचं आणि तळ खरवडायचं. चतुर्दशीला, नको त्या दिवशी, ट्रॉलीचा आस रस्त्यात मोडला. मग नुसत्या गाडीतनं पोती. मितेश भरायला उतरायचा आणि पोत्यावर हात ठेवून उभ्या उभ्या डोळे मिटायचा.

कोजागिरीला सकाळी म्हातारा बांधावर गेला आणि परत आला. चहा घेतला नाय. "आज ठरंल," म्हणाला.

दुपार झाली. भरती चढली. ऊन असं लख्ख, वर एक ढग नाय, आणि खाली खाडी फुगत चाललेली. खांड आता उरली होती ती नाथाच्या गाडीएवढी, जास्त नाय. तेवढ्यातनं पाणी आत उडी मारत होतं. पुरुष छातीभर पाण्यात हात गुंफून उभे, वरनं पोतं टाकायचं, ते त्यांच्या पायाशी पडायचं आणि पाणी ते ओढून शेतात नेऊन टाकायचं. एक टाक, एक गेलं. एक टाक, एक गेलं. आतल्या बाजूला भाताचा पिवळा रंग, लोंब्या वाकलेल्या, पंधरा-वीस दिवसांत कापायला आलेल्या. पाणी शेताच्या पयल्या बांधापर्यंत पोचलं होतं. मी रडत होते आणि पोती भरत होते, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

म्हातारा ओरडला, "असं नाय व्हायचं! जड काय तरी पायजे, एका वेळी सगळं अडवणारं. माझ्या बापानं होडी घातली होती दगडं भरून. स्वतःची होडी."

ते सगळ्यांना ठाऊक होतं. जुन्या उघाडीजवळ ओहोटीला अजून तिच्या फासळ्या दिसतात.

"आता होडी कुठं हाय?" सरू म्हणाली.

कोणी गाडीकडं बघितलं नाय. सगळे दुसरीकडं बघत होते, त्यावरनंच कळलं. नाथा आपल्या पायांकडं बघत होता. गाडी बांधावर खांडीच्या तोंडाशी उभी होती, मागं पोत्यांनी भरलेली, हार सुकून दोऱ्याला लोंबत होता.

मितेश पाण्यातनं वर आला. ओठ निळे पडलेले. त्यानं गाडीकडं बघितलं, मग खांडीकडं. गाडीची लांबी त्याला पाठ होती.

"बाबा," तो म्हणाला, "मावंल."

नमिता धावत जाऊन गाडीला आडवी झाली. "नाय हां! येवढ्या दिवसांचं सगळं... मग परत रोह्याला जाणार? रात्रपाळीला?"

"जाईन."

"परत तो वास?"

"नमू, बाजूला हो गो."

ती तशीच उभी राहिली. मला त्या गाडीचा पुळका कधीच नव्हता, तरी माझ्या पोराचा आख्खा पावसाळा त्या गाडीत होता, रोह्याहून सुटलेला जीव त्या गाडीत होता. पण भात पण माझाच होता. मी नमिताच्या खांद्याला धरलं आणि बाजूला ओढलं. तिनं माझा हात झिडकारला. मग स्वतःच दार उघडलं, काचेपासला देवीचा फोटो नखानं सोडवला, ओल्या पोटाशी धरला आणि मागं सरकली.

म्हातारा सांगत होता, "तोंड पुढं. बांधाच्या रेषेत सरळ सोड. वाकडी गेली तर पाणी पलटी मारंल." मितेशनं खिडकीतनं हात घालून स्टिअरिंग धरलं. मागनं सगळे लागले, हिरामण लागला, निकेश लागला, नाथासुद्धा गुडघे विसरून लागला. गाडी कडेला गेली, पुढची चाकं हवेत आली. मितेशनं हात काढला.

ती तोंडावर गेली आणि पाण्यात बसली. पाण्यानं तिला हिसका दिला. वीतभर आत सरकली, आमच्या सगळ्यांच्या घशातनं एकच आवाज निघाला. आणि मग पलीकडच्या पोत्यांना तिचं तोंड टेकलं, मागची बाजू अलीकडं अडकली, आणि ती थांबली.

"पोती!" म्हातारा ओरडला. "पेंढा घाला फटीत! चिखल! हात चालवा रे!"

तेव्हाच हॉर्न वाजायला लागला. आत कुठली तरी वायर भिजली असणार. पाण्याखालनं तो घोगरा, लांबलचक आवाज, थांबेचना. गावातली कुत्री ओरडायला लागली. त्या आवाजात आम्ही पोती टाकत होतो, चिखल थापत होतो, कोणी कोणाला काही सांगितलं तरी ऐकू येत नव्हतं. बोनेट गेलं, टप गेला, वर पोत्यांची रास झाली. आत येणारं पाणी बारीक झालं, मग नुसतं पाझरायला लागलं.

भरतीनं पाठ फिरवली तेव्हा सगळे जिथं होते तिथं बसले. रात्रीची भरती अजून यायची होती, पुन्हा उठायचंच होतं. म्हातारा शेतात उतरला. बोट बुडवलं, चाखलं, थुंकला.

"जगंल," म्हणाला. "कडेचं जाईल. मधलं जगंल."

कोणी ओरडलं नाय, कोणी नाचलं नाय. हॉर्न अजून वाजत होता. मितेश पोत्यांवर बसला होता, हात गुडघ्यांवर सोडलेले, बोटांतनं रक्त येत होतं. नाथा त्याच्याजवळ जाऊन बसला.

मितेश हॉर्न ऐकत होता.

"काका," तो म्हणाला, "बॅटरी खरंच नवी हाय."

नाथानं तोंडावर टॉवेल धरला. मी तिथनं उठले आणि रिकामं पोतं उचलून मुरूम भरायला लागले.